व्हीपीएन किल स्विच

व्हीपीएन किल स्विच ही आभासी खाजगी नेटवर्क अर्थात व्हीपीएनची जोडणी तुटताच उपकरणाचा इंटरनेट संपर्क रोखणारी सुरक्षा सुविधा आहे. व्हीपीएन सुरू असताना संकेतस्थळांना वापरकर्त्याच्या आयपी पत्त्याऐवजी व्हीपीएन सर्व्हरचा पत्ता दिसतो. जोडणी तुटल्यास फोन नेहमीच्या मार्गाने माहिती पाठवू लागतो व मूळ पत्ता उघड होतो. पाळतीखाली काम करणाऱ्या पत्रकारांसारख्या व्यक्तींना काही क्षणांची अशी गळतीही धोक्याची ठरू शकते.

स्वरूप

अनेक व्हीपीएन ॲपमध्ये किल स्विच असतो. परंतु ॲपच बंद पडल्यास तो निष्प्रभ ठरू शकतो. अँड्रॉइड ८ व त्यापुढील आवृत्त्यांत व्हीपीएनविना होणाऱ्या जोडण्या रोखण्याचा पर्याय फोनच्या सेटिंगमध्येच उपलब्ध आहे. ही अडवणूक कार्यप्रणाली करते, ॲप नव्हे.

चाचणी

मोठी फाइल उतरवून घेणे सुरू असताना व्हीपीएन ॲप सक्तीने थांबवले जाते. किल स्विच कार्यरत असल्यास फाइल उतरणे थांबते व नवे संकेतस्थळ उघडत नाही. वाय-फायवरून मोबाइल डेटावर जाताना, विमान मोड बंद केल्यावर आणि फोन पुन्हा सुरू केल्यावरही हीच तपासणी केली जाते.

ब्राउझरमध्ये पान न उघडणे हा मात्र पूर्ण अडवणुकीचा पुरावा नव्हे, कारण पार्श्वभूमीवर चालणारी वाहतूक तेथे दिसत नाही. त्यासाठी संगणकाच्या हॉटस्पॉटला फोन जोडून वायरशार्कसारख्या सॉफ्टवेअरने डेटा पॅकेटांची नोंद घेतली जाते. जोडणी तुटल्यानंतर व्हीपीएन सर्व्हरखेरीज इंटरनेटवरील अन्य पत्त्याकडे पॅकेट गेल्यास ती गळती मानली जाते. आयपीव्ही६ व डीएनएस वाहतूकही तपासावी लागते. मोबाइल डेटावरील वाहतूक या पद्धतीने दिसत नाही.

ज्ञात त्रुटी

मार्च २०२० मध्ये प्रोटॉनव्हीपीएनने आयओएसमधील त्रुटी जाहीर केली. व्हीपीएन सुरू होण्यापूर्वीच्या जोडण्या बंद न होता त्याबाहेरून चालू राहत होत्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुलवाड या स्वीडिश व्हीपीएन कंपनीने दाखवून दिले की, अडवणुकीचा पर्याय निवडूनही अँड्रॉइड इंटरनेट उपलब्धता तपासणारी विनंती व्हीपीएनबाहेरून पाठवते. गूगलने हे अपेक्षित वर्तन असल्याचे म्हटले. मे २०२४ मध्ये मुलवाडनेच अँड्रॉइडवरील डीएनएस गळती नोंदवली.

कार्यप्रणाली किंवा ॲप अद्ययावत झाल्यावर वर्तन बदलू शकते. त्यामुळे एका चाचणीचा निष्कर्ष त्या आवृत्तीपुरताच ग्राह्य असतो.