तळटीप : रविवार सकाळचे ‘रामायण’

१. नेर (नेर परसोपंत) : अमरावती-यवतमाळ रस्त्यावरील तालुक्याचे गाव, जि. यवतमाळ. मजकुरातील मालिका म्हणजे रामानंद सागर यांचे ‘रामायण’. दूरदर्शनवर २५ जानेवारी १९८७ पासून ३१ जुलै १९८८ पर्यंत, रविवारी सकाळी. त्या काळी ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या ओसरीवर अख्खी आळी जमे. चपला बाहेर काढल्या जात, संचाला हार घालून उदबत्ती लावली जाई, मग कुणीतरी छपरावर चढून अँटेना फिरवी. पण हे प्रेक्षक नुसते हात जोडून बसणारे नव्हते. मालिकेत उत्तरकांडही यावे म्हणून १९८८ मध्ये पंजाबात सफाई कामगारांनी संप केला आणि पुढे ‘उत्तर रामायण’ आले. चाहत्यांची एवढी ताकद क्वचितच दिसते. टीव्हीच्या चाहत्यांवरचे हेन्री जेन्किन्स यांचे गाजलेले पुस्तक, ‘टेक्स्च्युअल पोचर्स’, १९९२ चे, म्हणजे या संपानंतरचे. पूर्णिमा मंकेकर (१९९९) आणि अरविंद राजगोपाल (२००१) यांनी भारतीय प्रेक्षकांवर इंग्रजीत मोलाची पुस्तके लिहिली. नेरसारख्या गावांतल्या ओसरीवरच्या प्रेक्षकांवर मराठीतही तसे पुस्तक व्हायला हवे. ते प्रेक्षक आता म्हातारे होत चालले आहेत. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी वाचकांनी आताच लिहून ठेवाव्यात. — संपादक