दहा मिनिटांना दुप्पट

2003. जपानी संशोधक व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस या जिवाणूचा पूर्ण जनुकसंच वाचून प्रसिद्ध करतात. दोन गुणसूत्रे : 32,88,558 आणि 18,77,212 अक्षरे. माणसाला जुलाब लावणारा जिवाणू, एवढीच त्याची ख्याती.

2009. चीनमध्ये तळ्यांतली कोळंबी मरू लागते. शेतकरी फारसे मनावर घेत नाहीत. नव्या बीजात थोडी मर व्हायचीच. त्याच वर्षी भारत व्हेनामी कोळंबीच्या पालनाला परवानगी देतो. पालघरच्या खाडीकाठीही पुढे हीच जात वाढते.

मार्च 2011. व्हिएतनाम, मेकाँगचे मुख. तळीच्या तळी रिकामी होतात. संशय कीटकनाशकांवर जातो.

बीज सोडल्यापासून विसावा दिवस, कुठलेही रोगी तळे. अनुकूल स्थितीत हा जिवाणू साधारण दहा मिनिटांत दुप्पट होतो. एकापासून धरू.

पहिला तास : 64.

दुसरा तास : 4,096.

चौथा तास : 1,67,77,216.

हिशेब कागदावरचा आहे. प्रत्यक्षात अन्न आणि जागा आडवी येते. पण जिवाणू कोळंबीच्या पोटात ठाण मांडतो आणि विष सोडतो. पाचक ग्रंथी फिकट पडते, आक्रसते. आतडे रिकामे, कवच मऊ. मरणारी कोळंबी तळाशी बसते, त्यामुळे बांधावरून पाहणाऱ्याला बराच वेळ काहीच दिसत नाही.

प्रयोगशाळेत. गोठवलेल्या रोगी कोळंबीतून रोग निरोगी कोळंबीत उतरत नाही. मग हा संसर्ग नसावा, अशी शंका बळावते. नमुना टिकावा म्हणून गोठवतात. गोठल्याने हा जिवाणू मरतो. शिवाय व्हिब्रिओ खाऱ्या तळ्यात असतोच. तो सापडला, यात कोणाला काय नवल वाटणार?

9 ऑगस्ट 2012. बँकॉकमध्ये दोन दिवसांची तातडीची प्रादेशिक बैठक. रोगाला नाव आहे, कारण नाही. थायलंडच्या तळ्यांतही मर सुरू झालेली असते.

मे 2013. ॲरिझोना विद्यापीठातले डोनाल्ड लाइटनर आणि सहकारी जिवंत जिवाणूवरून कारण जाहीर करतात : व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस. त्या वर्षी थायलंडचे कोळंबी उत्पादन निम्म्याच्या आसपास येते. मेक्सिकोतही मर लागलेली असते.

2014. रोगकारक आणि निरुपद्रवी वाणांचे जनुकसंच शेजारी ठेवून वाचले जातात. फरक गुणसूत्रांत नाही, बाहेरच्या छोट्या वर्तुळात आहे.

2015. तैवानी संशोधकांचा गट ते वर्तुळ उलगडून दाखवतो : सुमारे 70,000 अक्षरांचा प्लाझ्मिड, त्यावर विषाची दोन जनुके. प्लाझ्मिड गेला की जिवाणू निरुपद्रवी. 2003 च्या त्या 51 लाखांहून अधिक अक्षरांत ही जनुके नव्हतीच.

त्याच वर्षी चीनमधल्या रोगी कोळंबीतला दुसरा एक जिवाणू वाचला जातो. विषाची जनुके तीच. जात मात्र वेगळी : व्हिब्रिओ ओवेन्सी.