तबेल्यातली शाळा

शिक्षणबंदी म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं मनू उभा राहतो. बरोबरच आहे. पण मनूचे भाऊबंद जगभर होते. आयर्लंडमध्ये १६९५ साली कायदाच झाला : कॅथलिक माणसानं शाळा चालवायची नाही, पोरं शिकायला परदेशी धाडायची नाहीत. देशात बहुसंख्य कॅथलिक, राज्य प्रॉटेस्टंट जमीनदारांचं. मग मास्तर लोक कुंपणाच्या आडोशाला, गवताच्या खोपटात चोरून शिकवायचे. सापडला तर दंड नि तुरुंग.

मी मानवतचा. आमचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाचा. माझ्या वडलांनी अक्षरं गिरवली ती शाळेच्या दाराबाहेर बसून. तिथं सरकारला कायदा करावा लागला, इथं नुसत्या रूढीनं काम भागलं. कायदा रद्द करता येतो. आयर्लंडातला १७८२ पासून सैल होत गेला. रूढी कुठल्या कागदावर रद्द करणार?

असल्याच आडोशाच्या शाळेत शिकलेला एक पोरगा, एडमंड राईस. जन्म १७६२, कॅलन गावचा. १७७९ साली वॉटरफर्ड बंदरात चुलत्याच्या धंद्यात शिरला. जहाजांना माल पुरवायचा, पैसा बख्खळ. १७८९ ला बायको गेली, मागं अपंग लेक. बंदरावर उनाड, अर्धपोटी पोरांच्या टोळ्या फिरायच्या. त्यानं १८०२ साली न्यू स्ट्रीटवरच्या एका तबेल्यात त्यांची शाळा काढली. पगारी मास्तर ठेवले, ते पोरांच्या दंग्यानं पळाले. राईस टिकला.

मला आवडतं ते पुढचं. माउंट सायनला त्यानं मोठी शाळा बांधली आणि शाळेसोबत भटारखाना नि शिंप्याची खोली उघडली. पोराला आधी पाव, अंगावर धड कपडा, मग पाटी. उपाशी पोराला बाराखडी येत नाही, हे धंदेवाल्याला कळलं, पंडितांना कळत नव्हतं. आपल्याकडं शाहू महाराजांनी बोर्डिंगं काढली, बाबासाहेबांनी वसतिगृहं काढली, त्यामागं हेच गणित होतं. छडीच्याही तो विरोधात होता, त्या काळात!

१८०८ साली त्यानं सोबत्यांसह व्रत घेतलं. ब्रदर म्हंजे पाद्री नव्हे, हे ध्यानात ठेवा. तो मिस्सा करत नाही. लग्न नाही, मालमत्ता नाही, आणि या ब्रदरांचं एक जादा व्रत : गरिबाच्या पोराला फुकट शिकवायचं. १८२० ला पोपनं मान्यता दिली. राईस १८४४ साली वारला, तेव्हा पुण्यात जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकत होते.

चर्चनं १९९६ साली त्याला ‘धन्य’ ठरवलं. पण नुसती आरती ओवाळून चालणार नाही. २००९ मध्ये आयर्लंडच्या चौकशी आयोगाचा अहवाल आला. ब्रदरांच्या आर्टेनसारख्या निवासी संस्थांत पोरांना बेदम मारहाण, लैंगिक अत्याचार वर्षानुवर्षं चालले होते. छडी नको म्हणणाऱ्याच्या संस्थेत! बळी कोण? बेवारस नि गरीब पोरं. तक्रार केली तर ऐकणारं कुणी नव्हतं.

आणि आपल्या देशात? दिल्लीची सेंट कोलंबाज, १९४१ ची, याच ब्रदरांची. शाहरुख खान तिथला विद्यार्थी. तबेल्यातून निघालेली शाळा कुठं पोचली बघा.

पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ ची, औरंगाबादचं मिलिंद १९५० चं. मराठवाड्यातली आपली कितीतरी पोरं तिथंच पहिल्यांदा कॉलेजची पायरी चढली. वस्तीत अभ्यासिका चालवणाऱ्या पोरांना मी एवढंच विचारतो : संध्याकाळी येणारं पोरगं जेवून येतं का?