‘फणी’ : अर्थविस्ताराचा एक मराठी इतिहास

इंग्रजी-मराठी कोश ‘कोम’ या शब्दापुढे ‘फणी, कंगवा’ असे प्रतिशब्द देऊन मोकळा होतो. विद्यार्थी ते पाठ करतो, भाषांतरकार त्यांवर विसंबतो. वस्तूपुरते हे समीकरण खरेही आहे. परंतु शब्दाचा इतिहास वस्तूपाशी थांबत नाही. ती वस्तू ज्या श्रमांच्या शेजारी वावरते त्या श्रमांतून तो पुढे सरकतो, आणि दोन भाषांच्या वाटा तेथेच फुटतात.

‘कंगवा’ हा संस्कृत ‘कंकत’च्या घराण्यातला, अमरकोशात ‘कंकतिका’ आणि ‘प्रसाधनी’ शेजारी शेजारी येतात. ‘फणी’चे नाते नागाच्या फण्याशी आहे. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात भिक्खूंनी केस चापूनचोपून बसवू नयेत असा निर्बंध असून निषिद्ध साधनांत ‘फणक’ येतो. त्याच्याच जोडीला ‘हत्थफणक’ आहे, म्हणजे फणीसारखी वापरलेली हाताची बोटे. शब्दाचे हे जुने रूप आपल्याला निषेधाच्या यादीत भेटते, हे ध्यानात ठेवावे.

मराठीत या शब्दाचा खरा विस्तार शेतीत झाला. देवणीच्या शिवारात ‘फण’ हा शब्द केसांपेक्षा मातीच्या संदर्भात अधिक ऐकू येई. तीन फणांची ती तिफण. पुढे देवणी बैलांची जोडी, मागे चाड्यावर मूठ धरलेली बाई, आणि मागे उरणाऱ्या समांतर ओळी. फणीने केसांत जे होते तेच फणाने काळ्या जमिनीत होते. ही उपमा कुणा कवीने दिलेली नाही, अवजाराच्या नावातच ती आहे. विणकराच्या मागावर ताण्याचे धागे वेगळे राखणारीही फणीच. अर्धापूरच्या बागेत केळीच्या घडाची फणी मोजली जाते. इंग्रजी तिला ‘हात’ म्हणते. चुल्लवग्गात हाताची फणी झाली होती. इंग्रजीच्या या हातालाही मराठीने फणीच म्हटले आहे.

उलट इंग्रजीत त्याच शब्दाने मधाचे पोळे आणि कोंबड्याचा तुरा सांगितला जातो. तेथे मराठीला फणी आठवतही नाही. लोकरीच्या धंद्यात रुळलेला तो शब्द पुढे ‘कसून शोधणे’ या अर्थापर्यंत गेला. मराठीही हा अर्थ वस्त्रव्यवसायातूनच घेते, परंतु पिंजाऱ्याच्या धनुकलीवरून: आपण गाव ‘पिंजून काढतो’. कापसाच्या मुलखातील हा वाक्प्रचार हाताशी असताना वृत्तपत्रांनी ‘कोंबिंग ऑपरेशन’ स्वीकारले. त्यात केस विंचरण्याची सूचना मराठी कानाला ऐकू येत नाही. ऐकू येते ते ‘कोंबणे’, आणि पोलिसांच्या गाडीचा अनुभव असलेल्यांना ते फारसे चुकीचे वाटत नसावे.

देवणीचा भाग १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होता. सीमेवरच्या घरांत कन्नड आजही नांदते. कन्नडात ‘बाचु’ म्हणजे विंचरणे, आणि दोन्ही हातांनी ओढून गोळा करणेही. एका भाषेला या क्रियेत गोळा करणे जाणवले, दुसरीला ओळी पाडणे. सोस्यूर ज्याला शब्दाचे ‘मूल्य’ म्हणतो ते व्यवस्थेतील शेजाऱ्यांवरून ठरते. आपल्याकडे हे शेजारी केवळ शब्द नव्हेत, अवजारेही आहेत.

तथापि श्रमाच्या अंगाने शब्द असा पसरत असताना घरात मात्र त्याचा संकोच झाला. करंडाफणी ही सौभाग्याची खूण ठरली. देवीच्या वायनात ती आली. ‘वेणीफणी’ या जोडशब्दात केवळ केस नीट करणे नाही, तसे करण्याचा अधिकारही आहे. ज्या जातींत केशवपनाची रूढी होती तेथे विधवेला हा शब्दच बंद होता. ‘सकेशा’ हे विशेषण निर्माण व्हावे लागले, यातच त्या रूढीचा जाच कळतो. १८९० मध्ये मुंबईतील नाभिकांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने विधवांच्या केशवपनास नकार दिला. या नकाराचा उल्लेख सामाजिक इतिहासात होतो, भाषेच्या इतिहासात होत नाही. ‘वेणीफणी’ची अर्थकक्षा कोणी आणि कशी बदलली, हा प्रश्न मात्र दोन्हींचा आहे.

ही पार्श्वभूमी नसेल तर जनाबाईचे अभंग अर्धेच वाचले जातात. परंपरा तिचे जन्मगाव गोदाकाठचे गंगाखेड सांगते. तिच्या नावावरील एका अभंगात डोईने गांजलेल्या जनीकडे विठ्ठल आईच्या मायेने धावतो, तिचा बुचडा सोडतो, उवा मारतो, केस विंचरून मोकळे करतो. अभ्यासकांनी यात वात्सल्य पाहिले, ते आहेच. परंतु जनी दासी आहे, वेणीफणीचा मान सांगणारे घर तिला नाही. देवही तिला शृंगार देत नाही. कामकरी बाईच्या डोक्याला उवांचा त्रास असतो, तो तेवढा काढतो. चुल्लवग्गाने ज्याला नटवेपणा म्हणून वगळले आणि गृहस्थाश्रमाने सौभाग्य म्हणून कुंपणात घेतले, ती क्रिया येथे पुन्हा श्रमाच्या रांगेत येते, दळणकांडणाच्या शेजारी. इंग्रजी अनुवादात कोशातले क्रियापद या जागी अचूक बसते. मात्र त्या क्रियापदामागे ना करंडा असतो, ना तिफण.