कापसाची गोदी, माशांचा बाजार

खानदेशातील बोरी नदीकाठच्या पारोळ्यापासून समुद्र बराच दूर असला, तरी या गावाच्या परिसराचा आणि मुंबईच्या कुलाब्यातील ससून गोदीच्या घाऊक मासळीबाजाराचा संबंध कापसाच्या व्यापारातून येतो. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (1861 ते 1865) लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, तेव्हा खानदेशच्या काळ्या जमिनीतील पिकाला चढा भाव आला. त्याच सुमारास थळ घाट ओलांडून रेल्वे खानदेशात आल्यामुळे बैलगाड्यांच्या तांड्यांनी जाणारा माल वाघिणींतून मुंबईला जाऊ लागला. पारोळ्याला मात्र रेल्वे कधीच आली नाही.

युद्ध संपताच भाव कोसळले, पण निर्यात थांबली नाही, आणि 1875 मध्ये अल्बर्ट ससून यांच्या पुढाकाराने कुलाब्याच्या वखारींजवळ ससून गोदी उभी राहिली. ती पश्चिम भारतातील पहिली ओली गोदी, म्हणजे भरतीचे पाणी दारांनी अडवून ओहोटीतही जहाज तरंगते ठेवणारा बंदिस्त धक्का, होय. पुढे प्रिन्सेस (1880) आणि व्हिक्टोरिया (1888) या मोठ्या गोद्या झाल्यावर मोठी जहाजे तिकडे वळली, कापसाचा बाजारही विसाव्या शतकात शिवडीकडे गेला, आणि ससून गोदी मच्छीमार नौकांची झाली.

तेथील व्यवहार पहाटेचा असतो, कारण मासळीला उन्हाची वाट पाहणे परवडत नाही. तांडेल, म्हणजे नौकेचा प्रमुख, आणि त्याचे खलाशी माल धक्क्यावर उतरवतात. पापलेट, सुरमई, बोंबील, कोळंबी जातवार वेगळी होते आणि उजाडण्यापूर्वीच लिलाव सुरू होतो. घाऊक घेणाऱ्यांत कोळणींचा वाटा मोठा असून त्यांचा अंदाज वजनकाट्यापेक्षा नजरेवर चालतो. हे कौशल्य कागदावर फारसे उतरलेले नाही. बंदराच्या इतिहासकारांनी कापसाच्या गाठींचा हिशेब जितक्या निगुतीने ठेवला, तितकी दखल या बायकांच्या व्यापाराची घेतली नाही, हा त्या इतिहासलेखनातील दोषच म्हणावा लागेल.

बर्फ आणि ट्रक येण्यापूर्वी समुद्राचा ताजा मासा खानदेशात पोचणे अवघडच होते, म्हणून भोई समाजाने नदीत धरलेल्या मासळीच्या जोडीला येथील आठवडेबाजारात सुकट आणि वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, वाळवलेले बोंबील विकले जात. ते आजही भाकरीबरोबर आवडीने खाल्ले जातात. कापसासाठी बांधलेल्या ससून गोदीचा खरा धनी मात्र अखेर मासाच ठरला.