घरातली प्रत घरासोबतच जाते : कागदपत्रांच्या डिजिटल प्रती आग आणि चोरीपासून कशा जपायच्या

दहावीचा निकाल लागला की अकरावीच्या प्रवेशासाठी पालकांची धावपळ सुरू होते. शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड. आम्ही समोर बसून विचारतो, "मूळ कागद कुठंय?" तेव्हा बरेच पालक खिशातून मोबाइल काढून म्हणतात, "सर, सब इसमें है." ऐकून बरं वाटतं. पण पुढचा प्रश्न आम्ही नेहमी विचारतो : हा मोबाइल उद्या चोरीला गेला तर?

काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका घरात रात्री शॉर्टसर्किट होऊन आग लागली. माणसं वाचली, हे सगळ्यात मोठं. या कुटुंबानं तशी काळजी घेतली होती. सगळे कागद स्कॅन करून पेनड्राइव्हमध्ये ठेवले होते. फक्त तो पेनड्राइव्ह त्याच कपाटात, त्याच फायलीत ठेवलेला होता. लोखंडी कपाट जागेवर उभं राहिलं, आतले कागद काळे झाले आणि पेनड्राइव्हचं प्लास्टिक वितळून फायलीला चिकटलं. कागद होते तिथंच प्रत होती, म्हणून एकाच रात्रीत दोन्ही गेलं.

या लेखात सांगायचं ते एवढंच आहे : ज्या छपराखाली मूळ कागद आहे, त्याच छपराखालची प्रत आग आणि चोरीच्या वेळी प्रत म्हणून उपयोगी पडत नाही. निदान एक प्रत दुसऱ्या छपराखाली हवी.

आग कुणाचं घर बघून येत नाही

२१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली. पाच जणांचा जीव गेला, वरचे मजले जळाले आणि अनेक खात्यांच्या फायली राख झाल्या. राज्याचा कारभार चालतो त्या इमारतीची ही गत झाली. त्यानंतर सरकारी फायली स्कॅन करून साठवण्याच्या कामाला जोर आला.

आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण आणखी जवळचं आहे. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी बीड आणि माजलगावात जाळपोळ झाली. त्यात लोकप्रतिनिधींची घरं पेटली आणि माजलगाव नगर परिषदेच्या इमारतीलाही आग लावली गेली. म्हणजे घरातला कागद जळाला तर कचेरीतून नक्कल काढू, या भरवशालाही मर्यादा आहे.

घरातल्या आगीची कारणं रोजचीच असतात : गॅसची गळकी नळी, जुनं वायरिंग, इन्व्हर्टरची बॅटरी, गादीवर चार्जिंगला लावलेला फोन. यांची काळजी आधी घ्या. प्रती जपायचा विषय त्याच्या नंतरचा.

लोखंडी कपाट आणि तिजोरी किती वाचवतात?

साधं लोखंडी कपाट आगीपासून जवळजवळ काहीच वाचवत नाही. पत्रा तापतो आणि आतली हवा भट्टीसारखी होते. पेटलेल्या खोलीत तापमान ५०० ते ६०० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकतं. कागद साधारण २०० अंशांच्या पुढे जळू लागतो.

बाजारात 'अग्निरोधक' म्हणून तिजोऱ्या मिळतात. त्यातला एक बारकावा विकणारा बहुधा सांगत नाही. कागदासाठी बनवलेली तिजोरी, अमेरिकी यूएल मानकाप्रमाणे, ठरलेल्या वेळेपुरतं आतलं तापमान १७७ अंशांच्या वर जाऊ देत नाही. कागदाला हे चालतं. पण हार्डडिस्क आणि पेनड्राइव्ह इतकी उष्णता सोसत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळा दर्जा असतो, त्यात आतलं तापमान ५२ अंशांच्या आणि आर्द्रता ८० टक्क्यांच्या आत राहावी लागते. शिवाय कागदाच्या तिजोरीच्या भिंतीतला मसाला तापला की वाफ सोडतो, ती वाफही यंत्राला मारक ठरते.

डिजिटल दर्जाची तिजोरी महाग असते. आपल्यासारख्या कुटुंबाला तिची गरज नाही. त्यापेक्षा दुसऱ्या घरात ठेवलेला एक पेनड्राइव्ह जास्त भरवशाचा आणि काहीशे रुपयांत होणारा.

बीडच्या उन्हाळ्याचीही आठवण ठेवा. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढे जातो. पत्र्याच्या घरात, छपराला लागून असलेल्या फळीवर किंवा मोटारसायकलच्या डिकीत त्याहून जास्त तापतं. हार्डडिस्क, पेनड्राइव्ह अशा जागी ठेवू नका.

चोर काय काय नेतो?

चोराला तुमचे दाखले नको असतात. त्याला लॅपटॉप, मोबाइल आणि रोकड हवी असते. पण लॅपटॉपच्या बॅगेत हार्डडिस्क असते, तीही जाते. कुलूपबंद पेटी दिसली की आत दागिने असतील म्हणून अख्खी पेटी उचलली जाते. नंतर कागद रस्त्याकडेला सापडतीलही, पण डिस्क सापडत नाही.

आपल्या जिल्ह्यातली हजारो कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत घराला कुलूप असतं. काही जण सगळे कागद पिशवीत घालून सोबत कारखान्यावर नेतात. तिथं राहायला पाचटाची, बांबूची कोपी, बाजूला चूल. ही जागा कागदासाठी बंद घरापेक्षाही धोक्याची. अशा कुटुंबांनी निघण्याआधी मूळ कागद गावात राहणाऱ्या भरवशाच्या नातेवाइकाकडे ठेवावेत, एक डिजिटल प्रत दुसऱ्याच घरी द्यावी आणि एक फोनमधून ऑनलाइन ठेवावी.

तीन, दोन, एक

छायाचित्रकारांसाठी पुस्तक लिहिताना पीटर क्रोग यांनी एक सोपा नियम रूढ केला. आज तो जगभर वापरला जातो :

- एकूण ३ प्रती असाव्यात.
- त्या २ वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात. उदाहरणार्थ, एक लॅपटॉपवर आणि एक पेनड्राइव्हवर.
- त्यातली १ प्रत घराबाहेर असावी.

पहिल्या दोन गोष्टी बरेच जण करतात. तिसरी राहून जाते, आणि आगीत-चोरीत तीच कामाला येते.

घरासाठी सोपी मांडणी अशी : पहिली प्रत फोनमध्ये किंवा लॅपटॉपमध्ये, दुसरी गुगल ड्राइव्हसारख्या ऑनलाइन जागेत, तिसरी पेनड्राइव्हवर दुसऱ्या गावातल्या किंवा दुसऱ्या मोहल्ल्यातल्या घरी. शेजारच्या घरात नको. भिंतीला भिंत असेल तर आग तिकडेही जाते. बीडमध्ये राहणाऱ्यांनी अंबाजोगाईच्या खालाजानकडे आणि खालाजाननी बीडला ठेवलं तर दोघांचंही काम होतं. आपण अमानत ठेवतो तशीच ही अमानत. घेणाऱ्यानं ती उघडायची नाही आणि मुलांना गाण्यांसाठी द्यायची नाही, एवढं आधी बोलून घ्या.

जागा किती लागते?

एक कागद नीट स्कॅन केला तर साधारण १ एमबी होतो. शंभर कागदांचे शंभर-दीडशे एमबी. गुगलच्या खात्यात १५ जीबी मोफत मिळतात, पण त्यातच जीमेल, फोटो आणि अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअप धरला जातो. लग्नाच्या व्हिडिओंनी जागा भरली की नवीन फाइल चढत नाही आणि आपल्याला कळतही नाही. म्हणून कागदपत्रांसाठी वेगळं खातं उघडलेलं बरं. मात्र दोन वर्षं वापरलंच नाही तर गुगल असं वैयक्तिक खातं बंद करून आतलं सगळं काढून टाकू शकतं. सहा महिन्यांतून एकदा तरी त्यात शिरा.

डिजीलॉकर ही सरकारी सेवा २०१५ पासून सुरू आहे. तिच्यात दोन कप्पे असतात, हे लक्षात ठेवा. सरकारी खात्यानं स्वतः दिलेला कागद, जसं वाहन परवाना, माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या नियमांनुसार मूळ कागदासारखा धरला जातो. आपण फोटो काढून चढवलेला कागद मात्र फक्त आपली प्रत असते. मूळ कागदाचा मान तिला मिळत नाही.

फोन गेला की ओटीपीही जातो

ही गोष्ट सगळ्यात जास्त लोकांना अडवते. सगळं ऑनलाइन ठेवलेलं असतं. फोन चोरीला जातो. नव्या फोनवर खातं उघडायला गेलं की ओटीपी जुन्या सिमवर जातो. सिम परत मिळेपर्यंत आपण आपल्याच दाराबाहेर उभे.

यावर उपाय : गुगल खात्यात दोन टप्प्यांची सुरक्षा चालू केली की 'बॅकअप कोड' मिळतात. आठ आकड्यांचे दहा कोड असतात आणि प्रत्येक एकदाच चालतो. ते कागदावर लिहून, पाकीट बंद करून दुसऱ्या घरी ठेवा. त्याच पाकिटात फोनचा आयएमईआय क्रमांक लिहा. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबलं की तो दिसतो. फोन चोरीला गेल्यावर पोलिसात तक्रार देऊन 'संचार साथी' पोर्टलवर तो फोन बंद करण्यासाठी हाच क्रमांक लागतो.

कुलूप लावा, पण किल्ली हरवू नका

दुसऱ्याच्या घरी ठेवलेला किंवा चोरीला गेलेला पेनड्राइव्ह कुणीही उघडू शकतं. त्यात आधार, पॅन, बँकेचं पासबुक असेल तर फसवणुकीला रस्ता मोकळा. सेव्हन-झिप हे मोफत सॉफ्टवेअर वापरून सगळे कागद एका पासवर्डच्या फाइलमध्ये बांधता येतात. अख्ख्या पेनड्राइव्हला कुलूप लावायचं असेल तर व्हेराक्रिप्ट आहे, तेही मोफत.

एक ताकीद : हा पासवर्ड विसरला तर कुणीही तो काढून देऊ शकत नाही. घरातल्या दोघांना तो माहीत असावा. आमच्याकडे असं बरेचदा दिसतं की सगळे पासवर्ड अब्बांच्या डोक्यात असतात, आणि अब्बा गेल्यावर विम्याचा कागद उघडायलाही कुणी नसतं. घरातल्या बाईला हे माहीत असणं सगळ्यात गरजेचं, कारण कचेरीच्या फेऱ्या शेवटी तिलाच माराव्या लागतात.

जुने उर्दू कागद आणि जमातीचं दफ्तर

बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. म्हणून आपल्या अनेक घरांत जमिनीचे, इनामाचे, वतनाचे कागद उर्दूत आहेत आणि त्यावर फसली सन आहे. फसली सनात ५९० किंवा ५९१ मिळवले की इसवी सन निघतो. फसली १३५७ म्हणजे १९४७-४८. असे कागद स्कॅन करताना :

- दोन्ही बाजू घ्या. मागचा शेरा, शिक्का, तिकीट सुटू देऊ नका.
- ३०० डीपीआयवर, रंगीत स्कॅन करा. फिकट शाई काळ्या-पांढऱ्यात दिसत नाही.
- फाइलच्या नावात आधी वर्ष, मग गाव, मग विषय लिहा.
- सोबत मराठीत दोन ओळी टिपून ठेवा : कुणाचा कागद, कोणत्या कचेरीचा, नंबर काय. आपण उर्दू वाचतो, नातवंडं वाचतीलच असं नाही.

या दोन ओळींचं मोल मोठं आहे. मूळ कागद जळाल्यावर स्कॅन त्याची जागा घेत नाही, पण त्यावरचा नंबर, तारीख आणि कचेरीचं नाव असेल तर नक्कल मागायला दिशा मिळते. नाहीतर दफ्तरात शोधायचं तरी काय?

मशीद, दर्गा, कब्रस्तान, ईदगाह यांच्या कमिट्यांनीही याकडे बघावं. वक्फ मालमत्तांची माहिती भरण्यासाठी 'उम्मीद' पोर्टल ६ जून २०२५ रोजी सुरू झालं. त्या निमित्तानं अनेक ठिकाणी पहिल्यांदाच कागद स्कॅन झाले. ते स्कॅन आज कुठं आहेत? बऱ्याचदा एका मुतवल्लींच्या फोनमध्ये किंवा फॉर्म भरणाऱ्या मुलाच्या लॅपटॉपवर. पिढ्यांची मालमत्ता एका फोनच्या भरवशावर ठेवू नये. कमिटीच्या तीन वेगवेगळ्या सदस्यांकडे तीन प्रती द्या आणि कुणाकडे काय दिलं ते इतिवृत्तात लिहा. काझीसाहेबांच्या निकाहच्या रजिस्टरचंही असंच करावं. घरातला निकाहनामा जळाला तर पहिली धाव त्याच रजिस्टराकडे असते.

एवढं करूनही काही झालंच तर

आधी पोलिसात नोंद करून तिची प्रत घ्या. दहावी-बारावीच्या दुय्यम गुणपत्रिकेसाठी छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय मंडळाकडे, शाळेच्या दाखल्यासाठी शाळेकडे अर्ज करावा लागतो. सातबारा डिजिटल सहीसह ऑनलाइन मिळतो. बँकेला आणि मोबाइल कंपनीला त्याच दिवशी कळवा. हे सगळं करताना बैठक क्रमांक, गट नंबर, खाते क्रमांक विचारतात. दुसऱ्या घरातली प्रत हाती असेल तर काम लवकर मार्गी लागतं.

वर्षातून एक दिवस

पेनड्राइव्ह वर्षानुवर्षं न लावता ठेवला तर आतली माहिती खराब होऊ शकते. हार्डडिस्कही तीन ते पाच वर्षांनी बदललेली बरी. म्हणून वर्षातला एक दिवस ठरवा. नातेवाइकाकडचा पेनड्राइव्ह मागवा, लॅपटॉपला लावा, दोन-चार फाइली खरंच उघडून बघा, नवे कागद भरा आणि परत पाठवा. आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना हे काम ईदच्या सुट्टीत देतो. पाहुणे एकमेकांकडे जातातच, शिरखुर्म्यासोबत पेनड्राइव्हही जातो. मुलांना फोन चालवता येतोच, त्या निमित्तानं आपल्या घरात कोणते कागद आहेत हेही त्यांना कळतं.

सुरुवात आज पाच कागदांनी करा : जन्म दाखला, शाळेचा दाखला, जातीचा दाखला, घराचा किंवा जमिनीचा उतारा, निकाहनामा. फोनवर स्कॅन करा, पेनड्राइव्हवर घ्या, आणि येत्या रविवारी तो पेनड्राइव्ह दुसऱ्या घरी पोचवा.