थांबायचं कुणी?

कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये १९६४ साली सीडीसी ३६०० हा संगणक आला. कार्डांचा गठ्ठा द्यायचा, निघून जायचं आणि निकाल तयार झाला की न्यायला यायचं. यंत्राचा वेळ महाग, माणसाचा स्वस्त. म्हणून थांबायचं माणसाने. याच संस्थेतल्या संगणक केंद्रातून १९८५ साली एनसीएसटी उभी राहिली. पुढे तिचं ठिकाण जुहू झालं. तोवर युनिक्स आलं होतं आणि एका यंत्रावर अनेकजण एकाच वेळी बसू लागले होते. पण जुन्या युनिक्समध्ये एक मेख होती : कर्नल एखाद्या कामात शिरला की ते संपेपर्यंत, किंवा ते काम स्वतःहून थांबेपर्यंत, त्याला कुणी हटवू शकत नसे.

लिनक्सनेही हाच वारसा घेतला. सर्व्हरला तो मानवतो. कामं वारंवार अर्धवट सोडावी लागली नाहीत, तर एकूण काम जास्त उरकतं. घरच्या संगणकावर मात्र मोठी फाईल कॉपी होताना गाणं अडखळतं, माऊस गोठतो. रॉबर्ट लव्ह यांचा प्रीएम्प्शनचा पॅच २००२ साली २.५.४ मध्ये घेतला गेला आणि डिसेंबर २००३ मध्ये २.६ सोबत तो सगळ्यांपर्यंत पोहोचला. आता लॉक धरलेला भाग सोडून कर्नललाही मध्येच थांबवता येऊ लागलं. २००५ साली इंगो मोल्नार यांचा मधला मार्ग आला : ठरलेल्या जागीच वाट द्यायची. घाटकोपरला कसं, स्लो गाडी फलाटावर थांबते, दोन स्थानकांच्या मध्ये नाही, तसंच.

तरी वाद मिटला नाही. ऑस्ट्रेलियातले भूलतज्ज्ञ कॉन कोलिवास फावल्या वेळात डेस्कटॉपसाठी पॅच लिहीत. साध्या वापरकर्त्याकडे दुर्लक्ष होतंय, या तक्रारीसह २००७ साली त्यांनी ते काम सोडलं. मला ती तक्रार पटते. कर्नलवर काम करणाऱ्या बऱ्याच जणांचा पगार सर्व्हरवाल्या कंपन्या देतात. गाणं अडखळलं म्हणून कोण पैसे मोजणार?

२०२१ पासून, ५.१२ मध्ये, ही निवड संगणक सुरू करतानाच करता येते. कर्नल नव्याने बांधावा लागत नाही. जानेवारी २०२५ च्या ६.१३ मध्ये ‘लेझी’ हा प्रकार आला : तातडीच्या कामाला लगेच वाट, बाकीच्यांना थोडा धीर. घरी पूर्ण प्रीएम्प्शन ठेवा. रात्रभर हिशेब चालणाऱ्या सर्व्हरवर ते कमी ठेवा. पण आधी एवढं विचारा, इथे वाट पाहणारं कोण आहे, यंत्र की माणूस?